दोन गाड्या आलं

आमच्याकडं आल्याचा भाव गाडीवर बोलतात. गाडी म्हणजे पाचशे किलो. शहरातला पाहुणा हमखास विचारतो, गाडी म्हणजे टेम्पो का ट्रक? दोन्ही नाही. आण्णा म्हणायचे, बैलगाडीत मावतंय तेवढं म्हणजे गाडी. बैलं गेली, गाड्या गेल्या, माप राहिलं. अजूनही चावडीपुढं दोन शेतकरी भेटले की "गाडीला काय लागला?" एवढंच विचारतात.

आमच्या पिकअपमध्ये बरोबर दोन गाड्या आलं बसायचं. म्हणजे बसायचं जास्त, पण चढायचं तेवढंच.

ही पिकअप आण्णांनी 1991 साली घेतली, सेकंडहँड, 1986 चं मॉडेल. जीपचंच नाक, मागं लोखंडी हौदा, पुढं दोन माणसं आणि मधी अर्धा माणूस. महिंद्राची गाडी, पण इंजिन फ्रेंच कुळातलं, प्यूजोचं. गावात त्याचं 'पिजू' झालं होतं. दोन हजार एकशे बारा सीसीचं डिझेल. थंडीत चावी हीटरवर धरून पंधरा-वीस आकडे मोजायचे आणि मग सेल्फ मारायचा. मी पहाटे मोजायचो, आण्णा मारायचे. कधी मी बारालाच "झालं" म्हणायचो, मग गाडी नुसतीच खाकरायची आणि आण्णा माझ्याकडं न बघता म्हणायचे, "मास्तरांनी वीसपर्यंत शिकवलं न्हाय का रं?"

आमचं गाव भुईंजच्या अंगाला, हायवेपासून चार किलोमीटर आत. आल्याला जमीन चांगली. अक्षय तृतीयेच्या आसपास लावण, पावसाळाभर गादीवाफ्यावर भर लावायची, कंदकुज येतीय का म्हणून रोज पानाचे शेंडे बघत फिरायचं आणि डिसेंबर-जानेवारीला पाला वाळला की काढणी. व्यापारी शेतावर येऊन गाडीला भाव सांगायचा. पण आण्णांचा एक हट्ट होता. माल आपण पुण्याला न्यायचा, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, अडत्यापुढं टाकायचा आणि पट्टी हातात घेऊन यायचं. हमाली, तोलाई, अडत सगळं वजा जाऊनही गाडीमागं चार पैसे जास्त सुटायचे. आणि न्याहारीला मार्केटमधली मिसळ.

अडचण एकच होती. आमच्या आणि पुण्याच्या मधे दोन डोंगर.

पहिला खंबाटकी. सुरूर मागं टाकलं, वेळ्याजवळ आलं की रस्ता मान वर करतो. बोगदा तेव्हा झालेला नव्हता. जाणारं येणारं सगळं एकाच घाटातनं. दुसरा कात्रज. शिंदेवाडी सोडली की चढ सुरू, तो थेट जुन्या बोगद्याच्या तोंडापर्यंत. रिकामी गाडी दोन्ही घाट हसत चढायची. दोन गाड्या आलं टाकलं की खंबाटकीला पहिल्या गिअरवर यायची आणि मागं ट्रकांची रांग लागायची. निम्म्यात पाणी उकळायचं. मग कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, पोतं ओलं करून रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवायचं, वाफ गेली की कॅनमधलं पाणी ओतायचं. आमच्या हौद्यात आल्याच्या पोत्यांबरोबर पाण्याचे तीन कॅन कायम असायचे.

चढावर थांबलेली गाडी परत उचलणं हे माझं काम. म्हणजे गाडी आण्णा उचलायचे, मी मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावून उभा असायचो. क्लच सुटला, गाडी हातभर पुढं गेली की ठोकळा पुढं सरकवायचा. पुन्हा हातभर. गाडी नीट चालायला लागली की ठोकळा उचलून पळत जाऊन फाळक्याला लोंबकळायचं. हायस्कुलात असल्यापासून मी हे करत होतो. त्यात काही जिवाचं आहे असं आम्हाला कुणालाच वाटायचं नाही. ट्रकवरची सगळी क्लीनरची पोरं तेच करायची.

1997 च्या जानेवारीत, कात्रजच्या चढाला, पहाटेच्या सुमाराला, ठोकळा घसरला. रस्त्यावर कुणाच्या तरी टाकीतलं डिझेल सांडलेलं होतं. अंधारात दिसलं नाही. गाडी वीतभर मागं आली, ब्रेक लागला, थांबली. वीतभरच. पण त्या वीतभरात माझा डावा पाय होता.

दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं. एक गेलं, एक राहिलं पण वाकत नाही. मी ओरडलो का नाही ते मला आठवत नाही. आठवतंय ते आण्णांचं धावत येणं आणि माझ्या पायाकडं बघायच्या आधी पुन्हा गाडीत जाऊन ती पुढं घेणं, कारण चाक अजून पायावरच होतं. एका ट्रकवाल्यानं मला केबिनमध्ये घेतलं आणि पुण्यात दवाखान्यात सोडलं. आण्णा माल घेऊन मागनं आले. मार्केटला पोचेस्तोवर सकाळचे सौदे उरकले होते. त्या दिवशीची पट्टी मी नंतर बघितली. शेतावर व्यापाऱ्यानं सांगितलेल्या भावापेक्षा ती कमी होती.

घरी आलो तर आई काही बोलली नाही. पायाचं फडकं बदलायची, हळद-तूप लावू का विचारायची, डॉक्टर नको म्हणाले होते तरी. पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी आण्णा जेवायला बसले होते. आईनं ताटाशेजारी तिच्या पाटल्या ठेवल्या. चार तोळ्यांच्या, माहेरच्या.

"ह्या मोडा. गाडीला मोठं इंजिन बसवा. न्हायतर गाडी इका. पोरगं ठोकळा घिऊन जाणार न्हाय परत."

आण्णांनी जेवण संपवलं, हात धुतला, आणि पाटल्या उचलून देवळीत ठेवल्या. नाही म्हणाले नाहीत. आमच्या घरात याचा अर्थ हो असा होतो.

मोठं इंजिन म्हणजे कुठलं, यावर गावात आठ दिवस संसद भरली. कुणी म्हणालं मॅटाडोरचं टाका, कुणी म्हणालं ॲम्बेसिडरमधलं इसुझू. चुलते म्हणाले ट्रॅक्टरचंच टाक की, आणि सगळे हसले. चुलत्यांचं म्हणणं खऱ्यापासून फार लांब नव्हतं हे पुढं कळलं.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या पुढं एक उस्ताद होते. सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. जीपगाड्यांत त्यांचा हात. त्यांनी पिकअपला एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, आणि आण्णांना म्हणाले, "पाटील, हे इंजिन वाईट न्हाई. पण हे मोटारीचं इंजिन हाय. तिकडं फ्रान्समध्ये हे गोऱ्या साहेबाच्या मोटारीत बसायचं. हे पळणारं जनावर. तुम्ही त्याला नांगराला जुपलंय."

मग मला जवळ बोलावून त्यांनी जे समजावलं ते इंजिनिअरिंगच्या पोरांनाही इतकं सोपं करून कुणी सांगत नसेल. पिजूचा पिस्टन नव्वद मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव त्र्याऐंशीची. रुंद आणि आखूड. त्याची ताकद येते ती जोरात फिरल्यावर. चढावर गाडी हळू झाली की फिरणं कमी, फिरणं कमी की ताकद कमी, ताकद कमी की गाडी आणखी हळू. महिंद्राचं जे नवं डीआय आलं होतं, एमडीआय, ते अडीच लिटरचं, दोन हजार पाचशे तेवीस सीसी. त्यात पिस्टनची धाव लांब, एकशे एक पूर्णांक सहा मिलिमीटर. म्हणजे बरोब्बर चार इंच. "हे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या खानदानातलं," उस्ताद म्हणाले. "पळणार न्हाई. पण सोडणारबी न्हाई." पिजूत डिझेल आधी डोक्यातल्या छोट्या खोलीत पेटायचं आणि तिथनं सिलिंडरमध्ये यायचं, म्हणून हीटरचं कौतुक. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनवर. हीटर नाही, आकडे मोजणं नाही.

मी बावीस वर्षांचा होतो. मला वाटलं होतं मोठं इंजिन म्हणजे वेग. उस्तादांनी पहिल्याच दिवशी ते डोक्यातनं काढलं. गिअर तेच, मागचं क्राऊन-पिनियन तेच, आणि इंजिन फिरणार कमी, म्हणजे सपाटीला गाडी आधीपेक्षा हळूच पळणार. माझं तोंड उतरलं ते बघून आण्णांना पहिल्यांदा ह्या सगळ्या प्रकरणात थोडा आनंद झाला.

इंजिन मिळालं पुण्यातल्या एका भंगारवाल्याकडं, अपघातात पुढून चेपलेल्या कमांडरमधलं. फार चाललेलं नव्हतं. सत्तावीस हजार म्हणाला, पंचवीसला तुटलं. सोनं तेव्हा तोळ्याला साडेचार हजारांच्या आसपास होतं. पाटल्यांचे अठरा आले, बाकीचे सोसायटीचे. तिथं एक गोष्ट घडली. पैसे मोजून झाले, इंजिन टेम्पोत चढवायचं, तर आण्णा म्हणाले पावती द्या. भंगारवाला म्हणाला, भंगाराची कसली पावती? आण्णा खुर्चीवर बसून राहिले. मूळ गाडीचे कागद, तिची नोंद रद्द झाल्याचा दाखला, इंजिन नंबर घातलेली पावती, हे सगळं हातात आल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. दुपारचे चार वाजले. मला लाज वाटत होती. उस्तादांचा पोरगा माझ्या कानात म्हणाला, "तुझे वडील तलाठी व्हते का?"

कामाला अकरा दिवस लागले. मी लंगडत रोज जायचो. गॅरेजमागं चिंच होती, तिच्या फांदीला चेन ब्लॉक बांधून पिजू वर काढला. तेलानं काळा, खालून पाणी गळतंय, आणि गाडीचं नाक एकदम हलकं होऊन वर आलेलं. मला उगाच वाईट वाटलं.

नवं इंजिन बसवणं म्हणजे जुनं काढून नवं ठेवणं नव्हे. हे सांगायला पाहिजे, कारण नंतर माझं बघून गावातल्या दोघांनी केलं आणि एकाचं वाटोळं झालं. डीआय उंचीला वेगळं, वजनाला जड, त्याचे पाय वेगळ्या जागी. चासीवरची जुनी फाउंडेशन कापून नवीन ब्रॅकेट वेल्ड करावे लागले. उस्ताद ते तीनदा मापायचे. इंजिन केसभर तिरकं बसलं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेट खाऊन टाकतो. बेल हाऊसिंग आणि क्लच त्याच इंजिनाबरोबरचे घेतले होते, तरी फ्लायव्हीलमधला बुश जमेना, तो लेथवर करून आणला. मग इंजिन बसलं तर पंखा रेडिएटरला टेकतोय. रेडिएटर दोन बोटं पुढं. मोठ्या इंजिनाला तो पुरणार नाही म्हणून त्यात नळ्यांची एक ओळ वाढवून घेतली. सायलेन्सरचा पाइप नव्यानं वाकवला. पुढच्या पाट्यात एक पान वाढवलं.

सगळं होत आलं तेव्हा आण्णांनी एकच प्रश्न विचारला.

"ब्रेक?"

"ब्रेक हाईत की," मी म्हणालो.

"तेच न्हवं? चढायचं तुम्ही समद्यांनी बघितलं. उतरायचं कुणी बघायचं?"

उस्ताद हसले, पण लगेच कामाला लागले. चारी ड्रम उतरवले, नवे लायनर, नवे सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट. तीन हजार वाढले. मला तो खर्च फुकट वाटला होता.

साताऱ्याच्या आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद करायला गेलो तेव्हा भंगारवाल्याची पावती बाहेर आली. साहेबांनी कागद चाळले, खाली वाकून इंजिन नंबर बघितला, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतली. तासाभरात काम झालं. पुढं त्या दुसऱ्या माणसाची गाडी नंबर जुळत नाही म्हणून दीड महिना ठाण्याच्या आवारात उभी राहिली तेव्हा मला चार वाजेपर्यंतची ती खुर्ची आठवली.

पहिली खेप मार्चमध्ये. दोन गाड्या आलं. पाण्याचे कॅन मी मुद्दाम घेतले नाहीत, आण्णांनी गुपचूप एक टाकला होता. गाडीचा आवाज असा की केबिनमध्ये ओरडून बोलावं लागे, आरसा थरथरून त्यात एका ट्रकचे तीन दिसत. वेळं आलं. चढ लागला. आण्णांनी तिसऱ्यावरनं दुसरा टाकला आणि पाय तसाच ठेवला. गाडी थोडी दबली, जमीन धरली, आणि त्याच चालीनं वर निघाली. ना वाफ, ना पहिला गिअर. पुढच्या वळणावर एक भरलेला ट्रक आमच्याच चालीत होता, त्याच्या मागं आम्ही आरामात. माथ्यावर देवाची घंटा वाजवायला आण्णा कधी थांबायचे नाहीत, कारण थांबली तर गाडी उचलायची पंचाईत. त्या दिवशी थांबले. उतरून नारळ वाढवला आणि अर्धी वाटी माझ्या हातात देताना माझ्या पायाकडं बघितलं. तेवढंच.

इथं गोष्ट संपली असती तर आईच्या पाटल्या सोन्याच्या ठरल्या असत्या. पण गाडीत ताकद आली आणि ती माझ्या डोक्यात गेली. दोन गाड्यांच्या जागी अडीच चढतंय, मग तीन का नको? पुढच्या हंगामात आण्णांचे गुडघे धरले आणि खेपा माझ्याकडं आल्या. मी तीन भरायला लागलो. मग शेजाऱ्यांचंही आलं भाड्यानं न्यायला लागलो. तीन गाड्या, वर दहा-बारा पोती बटाटा. फाळक्याच्या वर फळ्या उभ्या करून. गाडी नाही म्हणायची नाही. तिला नाही म्हणता येत नव्हतं.

1998 च्या डिसेंबरात खंबाटकीचा माथा ओलांडून खंडाळ्याकडं उतरताना दुसऱ्याच वळणाला जळका वास आला. तिसऱ्या वळणाला ब्रेकचा पाय खाली गेला तो वर आलाच नाही. शेजारी चुलतभाऊ झोपलेला. मी त्याला उठवलंही नाही. गिअर पाडायला गेलो तर तिसऱ्यातनं निघाला आणि दुसऱ्यात जाईना. त्या दोन-तीन सेकंदांत गाडी मोकळी, कुठल्याच गिअरमध्ये नाही, मागं दोन हजार किलोच्या घरात वजन. ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडला आणि सगळा जीव हातात आणून दांडा ओढला, तो कर्रर्र करत बसला. इंजिन किंचाळलं. पण धरलं. गाडी डोंगराच्या बाजूला घासत, मुरमाच्या ढिगाऱ्यात शिरून थांबली. चुलतभाऊ जागा होऊन म्हणाला, "आलं का शिरवळ?"

घरी मी काही सांगितलं नाही. डाव्या बाजूचा पत्रा खरवडला होता, तो मार्केटमध्ये घासला म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी आण्णा गाडीला ग्रीस मारायला खाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग मला खाली बोलावलं. मागच्या पाट्याचा हँगर चासीला जिथं धरतो तिथं एक बारीक रेघ. गंजाच्या रंगाची, वीतभर लांब. चासी चिरली होती. त्यांनी बोट ठेवलं, मग तेच बोट चाकाच्या ड्रमवर ठेवलं. ड्रम उष्णतेनं निळा पडला होता. आम्ही दोघं गाडीखाली पाठीवर पडलेले, तोंडाशी तोंड. मला वाटलं आता बोलतील. आयुष्यात मी कुठल्याच शिव्यांची इतकी वाट बघितली नाही.

"तुझ्या आईला सांगू नगंस," ते म्हणाले.

चासीला उस्तादांनी आतून पट्टी घालून वेल्डिंग केलं. गाडी परत आली त्या संध्याकाळी आण्णांनी दरवाजाच्या रंगातला उरलेला पिवळा डबा आणला आणि हौद्याच्या आत चारी बाजूंनी एक आडवी रेघ ओढली. हात थरथरत होता, रेघ वाकडी आली. दोन गाड्या आल्याची पोती रचली की बरोबर तिथपर्यंत येतात. मी त्या रेघेच्या वर पुन्हा एक पोतं टाकलं नाही. भाड्याचा माल घेऊन येणारे विचारायचे, वर एवढी जागा आहे की. मी म्हणायचो, पासिंग तेवढंच आहे.

आण्णा 2004 साली गेले. पिकअप 2009 पर्यंत चालवली आणि मग महाडकडच्या एका माणसाला विकली. त्याला गाडी नको होती, इंजिनच पाहिजे होतं, त्याच्या जीपमध्ये बसवायला. मी पावती लिहून दिली, इंजिन नंबर घालून, आरसी बुकाच्या नकलेसह. त्याला वाटलं मी फार किचकट माणूस आहे.

पिजू मात्र अजून घरी आहे. चिंचेखालनं काढल्यावर उस्ताद तीन हजारांत घ्यायला तयार होते, पण आण्णा टेम्पोत घालून घरी घेऊन आले. गोठ्याच्या कोपऱ्यात दोन लाकडांवर ठेवलं, वरून तेल ओतलं, पोतं झाकलं. दर दसऱ्याला पिकअपला हार घातला की झेंडूची दोन फुलं त्याच्यावर ठेवायचे. कशाला म्हणून मी कधी विचारलं नाही. आता ती दोन फुलं आई ठेवते. तिच्या हातात मी नंतर केलेल्या पाटल्या आहेत. त्या पहिल्यांएवढ्या वजनाच्या नाहीत आणि तिनं ते घातल्या घातल्या ओळखलं होतं.

भंगारवाला वर्षातनं दोनदा येतो, काट्यावर किती भरेल याचा अंदाज सांगतो. आई त्याला चहा देते आणि परत पाठवते. इंजिनामागच्या सांदीत तिची तांबडी कोंबडी अंड्यावर बसलेली असते, तिला हलवायचं नाही म्हणते.